एक्झिट पोल : सात वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

इंदूरजवळच्या पीथमपूरच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षे गुणवत्ता विभागात काढली. गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या शाफ्टचा व्यास मायक्रोमीटरने मोजायचा, तो ड्रॉइंगवरच्या टॉलरन्समध्ये, म्हणजे चालणाऱ्या फरकात, बसतो की नाही ते पाहायचे आणि बसत नसेल तर लॉट लाल चिठ्ठी लावून परत पाठवायचा, एवढेच माझे काम होते. २०१८ साली निवृत्त होऊन इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या घरी बसलो, तेव्हा मोजण्यासारखे काही हाताशी उरले नाही. त्याच वर्षी मध्य प्रदेश विधानसभेची निवडणूक आली आणि बरोबरच्या सगळ्या राज्यांचे मतदान संपल्याच्या संध्याकाळी वाहिन्यांवर एक्झिट पोल सुरू झाले. मी सवयीने वही उघडली, डाव्या रकान्यात अंदाज लिहिले आणि उजवा रकाना निकालासाठी मोकळा ठेवला. ती वही अजून चालू आहे. हा अभिप्राय तिच्याच आधारे लिहिला आहे, आणि एक्झिट पोलकडे मी बाजारात मिळणाऱ्या इतर कोणत्याही मालाप्रमाणेच पाहिले आहे.

माल घरपोच येतो आणि त्याची वेळ कायद्याने ठरलेली आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६-अ प्रमाणे मतदान सुरू झाल्यापासून शेवटच्या टप्प्याचे मतदान संपल्यानंतर अर्ध्या तासापर्यंत एक्झिट पोल प्रसिद्ध करता येत नाही. तो नियम मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यामुळे त्या संध्याकाळी सगळ्या वाहिन्या घड्याळाकडे डोळे लावून बसलेल्या असतात आणि साडेसहाच्या सुमारास एकाच वेळी पोती उघडावीत तसे आकडे बाहेर पडतात. आमच्याकडे शेजारचे काका चिवड्याची वाटी घेऊन बरोबर सहाला येतात. त्यांच्याशी माझी जुनी पैज आहे : ज्याचा अंदाज निकालापासून अधिक लांब जाईल, त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या मजल्यावरच्या चारही घरांना पोहे-जिलेबी आणायची.

प्रथम वेष्टनाविषयी. पडदा दिमाखदार असतो, आकडे फिरत फिरत येऊन थांबतात, निवेदकाचा आवाज निकाल लागून गेल्यासारखा असतो. किती लोकांना विचारले, कोणत्या तारखांना विचारले आणि चूक किती असू शकते, ही माहिती मात्र खालच्या पट्टीत इतक्या बारीक अक्षरांत आणि इतका थोडा वेळ दिसते की चष्मा शोधेपर्यंत जाहिरात सुरू होते. काही वाहिन्या मतांची टक्केवारी दाखवतही नाहीत, थेट जागा सांगतात. बिस्किटाच्या पुड्यावरही घटक छापणे ज्या देशात बंधनकारक आहे, त्या देशात हा माल घटकांशिवाय विकला जातो, हे मला पहिल्या दिवसापासून खटकत आले आहे.

आता वापराचा अनुभव. वहीत सर्वांत जास्त पाने २०२३ च्या विधानसभेने खाल्ली आहेत.

त्या वर्षी आपल्याकडे मतदान १७ नोव्हेंबरला झाले, पण तेलंगणाचे मतदान ३० नोव्हेंबरला असल्यामुळे एक्झिट पोलसाठी तेरा दिवस थांबावे लागले. ते तेरा दिवस इंदूरने जे केले त्याला तोड नाही. राजवाड्यापासून छप्पन दुकानापर्यंत ज्याच्या हातात पोह्यांची बशी होती त्या प्रत्येकाकडे दोनशे तीस जागांचा हिशेब तयार होता. आमच्या कोपऱ्यावरचा पोहेवाला शेवेची मूठ टाकताना प्रत्येक गिऱ्हाइकाला ‘भिया, इस बार टक्कर है’ असे सांगत होता, आणि कबूल केले पाहिजे की मीही मान डोलावत होतो. तीस तारखेच्या संध्याकाळी वाहिन्यांनी दोन तट पाडले. एका तटाचे म्हणणे पोहेवाल्यासारखेच होते. त्यातल्या एका अंदाजात भाजपला ९५ ते ११५ जागा होत्या आणि दुसऱ्या एकात १०६ ते ११६. दुसऱ्या तटात ॲक्सिस माय इंडिया या सर्वेक्षण संस्थेने भाजपला १४० ते १६२ आणि टुडेज चाणक्य या दुसऱ्या संस्थेने १५१ जागा दिल्या. काकांनी दुसऱ्या तटाला वेड्यात काढले. मी वहीत ‘काँग्रेस ११८’ असे शाईने लिहिले.

३ डिसेंबरच्या रविवारी मतमोजणी झाली. भाजपला १६३, काँग्रेसला ६६ आणि भारत आदिवासी पक्षाला एक जागा मिळाली. इंदूर जिल्ह्यातल्या नऊच्या नऊ जागा भाजपकडे गेल्या. पाच वर्षांपूर्वी याच जिल्ह्यात पाच विरुद्ध चार असा निकाल होता. पहिल्या तटाचा मधला आकडा १०५ धरला आणि खरा निकाल १६३ मानला, तर कारखान्याच्या भाषेत याचा अर्थ असा की चाळीस मिलिमीटरचा शाफ्ट मोजून निरीक्षकाने सव्वीस मिलिमीटर लिहिले. आमच्याकडे असे मोजमाप करणाऱ्याला दुसऱ्या पाळीत आत घेतले नसते. वाहिनीवर तोच गृहस्थ चार तारखेला निकालाची कारणे समजावून सांगत होता.

कारणांची चर्चा पुष्कळ झाली. जून २०२३ पासून महिलांच्या खात्यात दरमहा हजार रुपये आणि ऑक्टोबरपासून साडेबाराशे रुपये जमा करणारी लाडली बहना योजना त्यात सर्वांत पुढे होती, आणि ते पटण्यासारखे आहे. मला मात्र मतदानाच्या दिवशी आमच्या केंद्राबाहेर पाहिलेले एक दृश्य आठवते. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक तरुण टॅब घेऊन चहाच्या टपरीजवळ उभा होता आणि मतदान करून टपरीवर रेंगाळणाऱ्यांना प्रश्न विचारत होता. रेंगाळणारे सगळे पुरुष होते. बायका मत देऊन थेट घराकडे वळत होत्या, कारण पाणी येण्याची वेळ झाली होती. तासाभरात त्याने एकाही बाईला थांबवल्याचे मी पाहिले नाही. एका केंद्रावरून राज्याचा निष्कर्ष काढणे ही माझीच चूक ठरेल, हे मला समजते. पण पेटीतल्या वरच्या थराचे नग उचलून संपूर्ण लॉट पास करणारे निरीक्षक मी आयुष्यभर पाहिले आहेत, आणि तो मुलगा मला त्यांच्यातलाच वाटला. खालच्या थरातला नग काढायला पेटी रिकामी करावी लागते, त्याला वेळ लागतो, आणि संध्याकाळी साडेसहाला आकडा हवा असतो.

मालातला याहून खोल दोष समजायला मला २०१८ आणि २०२३ ची पाने शेजारी ठेवावी लागली. २०१८ मध्ये भाजपला सुमारे ४१.० टक्के आणि काँग्रेसला ४०.९ टक्के मते होती. मते कमी असूनही काँग्रेसच्या ११४ जागा आल्या आणि भाजपच्या १०९. २०२३ मध्ये काँग्रेसची मते ४०.४ टक्के, म्हणजे पाच वर्षांत जेमतेम अर्ध्या टक्क्याने उतरली, आणि जागा ११४ वरून ६६ वर आल्या. फरक पडला तो भाजपची मते साडेअठ्ठेचाळीस टक्क्यांवर गेल्यामुळे, कारण लहान पक्ष आणि अपक्ष यांच्याकडची मते आटून तिकडे वळली. म्हणजे एखाद्याने काँग्रेसची मते अगदी अचूक मोजली असती, तरी त्याच्या जागांचा अंदाज साफ फसला असता. आपल्याकडे ज्याला एक मत जास्त तो निवडून येतो. त्यामुळे मतांवरून जागा काढण्याच्या पायरीवर टक्का-दोन टक्क्यांचा फरक डझनावारी जागा हलवतो, आणि नमुना कितीही नीट निवडला तरी टक्का-दोन टक्क्यांची चूक राहतेच. मोजमाप मतांचे होते आणि विक्री जागांची होते. मधले यंत्र कसे चालते ते कोणी दाखवत नाही.

यावर उपाय म्हणून जो मोठा पल्ला देतात, त्याचीही एक गंमत आहे. २०१८ मध्ये ॲक्सिसने भाजपला १०२ ते १२० आणि काँग्रेसला १०४ ते १२२ जागा दिल्या होत्या. खरे आकडे दोन्ही पल्ल्यांत चपखल बसले आणि संस्थेला शाबासकी मिळाली. बहुमताला ११६ जागा लागत होत्या, त्यामुळे त्या पल्ल्यात भाजपचे सरकार, काँग्रेसचे सरकार आणि त्रिशंकू विधानसभा हे तिन्ही निकाल मावत होते. मी या अंदाजाला नावे ठेवत नाही. उलट वहीतल्या सर्वांत प्रामाणिक नोंदींपैकी ती एक आहे, कारण लढत खरोखरच तशी होती. पण ग्राहकाला नेमके जे हवे असते ते त्यातून मिळत नाही, आणि म्हणूनच अशा नोंदीला पडद्यावर थोडी जागा मिळते आणि ‘स्पष्ट बहुमत’ सांगणाऱ्याला संपूर्ण संध्याकाळ.

छत्तीसगडची पाने लवकर उलटतो. २०१८ मध्ये बहुतेकांनी चुरस सांगितली आणि काँग्रेसने नव्वदपैकी ६८ जागा घेतल्या. २०२३ मध्ये बहुतेकांनी काँग्रेसला पुढे ठेवले आणि भाजप ५४ जागा घेऊन सत्तेवर आला. ऑक्टोबर २०२४ मध्ये हरियाणात वाहिन्यांनी एकमुखाने काँग्रेसला सत्ता देऊन टाकली होती. मोजणीत भाजपला ४८ आणि काँग्रेसला ३७ जागा मिळाल्या.

या सगळ्याची किंमत काय, असा प्रश्न कोणी विचारील, कारण माल तर फुकट मिळतो. माझ्या मेहुण्यांना विचारा. १ जून २०२४ च्या शनिवारी लोकसभेचे एक्झिट पोल आले. बहुतेकांनी रालोआला, म्हणजे भाजपच्या आघाडीला, साडेतीनशेच्या वर नेले होते आणि ॲक्सिसचा पल्ला ३६१ ते ४०१ होता. मेहुणे रविवारी आमच्याकडे जेवायला आले होते. मुदत ठेव मोडून सोमवारी शेअर घ्यायचे, हे आमटीचा पहिला भुरका घेण्याआधीच त्यांनी जाहीर केले. बायकोने तिच्या भावाला अडवावे म्हणून माझ्याकडे पाहिले, आणि मी वहीत स्वतः ‘रालोआ ३६०’ लिहून ठेवलेले असल्यामुळे गप्प राहिलो. सोमवारी सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी वर गेला आणि मेहुण्यांचा फोन आला. मंगळवारी, ४ जूनला, मोजणी सुरू झाली आणि तोच सेन्सेक्स ४,३८९ अंकांनी कोसळला. भाजप २४० वर आणि रालोआ २९३ वर थांबली. त्या दिवशी फोन आला नाही. शेअर त्यांनी घाबरून आठवडाभरातच विकले, त्यामुळे नंतर बाजार सावरला त्याचाही त्यांना उपयोग झाला नाही. दोष एकट्या एक्झिट पोलचा नाही, हे मला मान्य आहे. परंतु ज्या मालाच्या आधाराने लोक ठेवी मोडतात, त्या मालावर ‘केवळ मनोरंजनासाठी’ एवढी तरी चिठ्ठी असावी.

त्याच दिवशी ॲक्सिसचे प्रमुख प्रदीप गुप्ता यांच्या डोळ्यांत स्टुडिओत पाणी आलेले सगळ्या देशाने पाहिले. त्यावर पुष्कळ विनोद झाले, मला मात्र हसू आले नाही. सहाच महिन्यांपूर्वी मध्य प्रदेशात निकालाच्या सर्वांत जवळ पोहोचलेल्यांपैकी हीच संस्था होती. एकच मायक्रोमीटर एका लॉटला अचूक आणि दुसऱ्या लॉटला साठ-सत्तर अंकांनी चुकीचा निघतो, तेव्हा निरीक्षकाला शिव्या देऊन भागत नाही. उपकरण कॅलिब्रेशनला, म्हणजे प्रमाणित मापाशी ताडून पाहायला, पाठवावे लागते आणि त्याचा दाखला भिंतीवर लावावा लागतो. कारखान्यात दर सहा महिन्यांनी आम्ही ते करत होतो. मागच्या दहा निवडणुकांत आपण कुठे किती चुकलो, याचा तक्ता नवा आकडा सांगण्याआधी पडद्यावर लावणारी वाहिनी मला अजून भेटलेली नाही.

खुद्द इंदूरचा निकाल त्या दिवशी कोणाच्याच हिशेबात नव्हता, कारण त्यात हिशेबासारखे काही उरलेच नव्हते. २९ एप्रिलला काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला आणि शंकर लालवानी निवडून येणार हे शाळकरी पोरालाही कळले. १९८९ पासून सलग आठ वेळा सुमित्राताई महाजनांना निवडून देणाऱ्या या शहराला एकतर्फी निकालाचे अप्रूप नाही. लालवानींचे मताधिक्य ११ लाख ७५ हजारांवर गेले. त्यापेक्षा वेगळी गोष्ट म्हणजे ‘नोटा’ला २ लाख १८ हजार ६७४ मते पडली आणि ते दुसऱ्या क्रमांकावर राहिले. तोपर्यंतचा देशातला विक्रम बिहारमधल्या गोपालगंजचा होता, ५१ हजारांच्या आसपासचा. आमच्या मजल्यावर ‘नोटा’वर स्वतंत्र पैज लागली होती आणि सर्वांत धाडसी अंदाज साठ हजारांचा होता. तो काकांचा होता, त्यामुळे ती पैज त्यांनीच जिंकली, जवळजवळ चौपटीने चुकून.

उत्पादकांच्या मनोवृत्तीविषयी सांगायचे तर २०१५ ची बिहारची निवडणूक आठवते, जी माझ्या वहीच्या आधीची आहे. टुडेज चाणक्यने रालोआला १५५ जागा दिल्या होत्या, प्रत्यक्षात ५८ मिळाल्या आणि महाआघाडीने १७८ घेतल्या. संस्थेने माफी मागितली, ही गोष्ट तिच्या बाजूने लिहून ठेवली पाहिजे. पण त्याच वेळी ॲक्सिसने महाआघाडीला १६९ ते १८३ जागांचा अंदाज दिला होता आणि ज्या वाहिनीसाठी तो केला होता तिने तो दाखवलाच नाही. तो इतरांपेक्षा फारच वेगळा होता. शेजारच्या टेबलावरच्या निरीक्षकांनी जे लिहिले त्याच्याशी आपले माप जुळत नाही म्हणून बरोबर माप खोडणारा माणूस मी कारखान्यातही पाहिला आहे. सगळे आकडे एकमेकांच्या जवळ दिसू लागले की ग्राहकाला विश्वास वाटतो. माझा अनुभव असा की तेव्हाच वहीवर पेन्सिलीने लिहावे.

विक्रीपश्चात सेवा हा या मालाचा सर्वांत दुबळा भाग आहे. अमेरिकेत २०१६ मध्ये प्रिन्स्टनच्या सॅम वांग यांनी हिलरी क्लिंटन यांच्या विजयाची शक्यता ९९ टक्के सांगितली होती. ट्रम्प यांना राज्यवार वाटलेल्या ५३८ निर्वाचक मतांपैकी २४० पेक्षा जास्त मिळाली तर किडा खाईन, असे ते बोलून गेले होते, आणि निकालानंतर त्यांनी दूरचित्रवाणीवर खरोखर रातकिडा खाल्ला. त्याच निवडणुकीत नेट सिल्व्हर या दुसऱ्या अंदाजकाराने क्लिंटन यांना सुमारे ७१ टक्के दिले होते. दहापैकी तीनदा उलटे होऊ शकते, असा त्याचा अर्थ होता. लोकांनी दोघांनाही एकाच मापाने चुकीचे ठरवले, जे अन्यायाचे होते. आपल्याकडे प्रशांत किशोर यांनी २०२५ च्या बिहारच्या निवडणुकीत संयुक्त जनता दलाला पंचवीसपेक्षा जास्त जागा मिळाल्या तर राजकारण सोडीन असे सांगितले. पक्षाला ८५ जागा मिळाल्या आणि मग त्या शब्दाला नव्या अटी जोडल्या गेल्या. रातकिडा कोणी खावा अशी माझी अपेक्षा नाही. पुढच्या वेळी पडद्यावर नावाखाली मागच्या चुकीचा आकडा लिहिला तरी पुरे.

असा माल अधिक चांगला बनवता येतो का? ब्रिटनमध्ये मोठ्या वाहिन्या वेगवेगळे आकडे न काढता एकच सामायिक एक्झिट पोल करतात. शक्य तितक्या त्याच त्या केंद्रांवर पुन्हा पुन्हा माणसे पाठवतात, म्हणजे मागच्या वेळेपासून मत किती हलले ते मोजता येते, आणि मतदाराला तोंडी उत्तर न विचारता खोटी मतपत्रिका देऊन ती पेटीत टाकायला सांगतात. २०१५ मध्ये त्यांनी हुजूर पक्षाला ३१६ जागा दिल्या, तेव्हा हे खरे ठरले तर आपण टोपी खाऊ असे पॅडी ॲशडाउन हे नेते म्हणाले होते. प्रत्यक्षात ३३१ आल्या, म्हणजे पोलपेक्षा त्यावर हसणाराच अधिक चुकला. आपल्याकडे लोकनीती-सीएसडीएस या संशोधन संस्थेचे कार्यकर्ते मतदानानंतर घरी जाऊन असेच गुप्त मतपत्रिकेने सर्वेक्षण करतात. त्याचे निष्कर्ष निकालानंतर वर्तमानपत्रांत येतात आणि कोण जिंकणार याऐवजी कोणी कोणाला का मत दिले ते सांगतात. पैजेसाठी तो माल निरुपयोगी आहे. वाचण्यासाठी मला तोच सर्वांत टिकाऊ वाटला आहे.

पाचपैकी मी दोन तारे देतो. एक तारा अशासाठी की वारे कुठल्या दिशेने आहे हे अनेकदा बरोबर सांगितले जाते. नोव्हेंबर २०२५ मध्ये बिहारात बहुतेकांनी रालोआला बहुमत दिले होते आणि तसेच झाले, जरी रालोआला प्रत्यक्ष मिळालेल्या २०२ जागांच्या बऱ्याच खाली त्यांचे आकडे थांबले होते. दुसरा तारा त्या संध्याकाळसाठी, कारण तितक्या आवाजात चिवडा खाण्याचा योग एरवी येत नाही. घेणाऱ्याने जागांचा मोठा आकडा झाकावा, खालची बारीक पट्टी मोबाइलने टिपून ठेवावी, मतांची टक्केवारी नसेल तर वाहिनी बदलावी आणि निकालापर्यंत बँकेकडे फिरकू नये.

पोहे-जिलेबीच्या हिशेबात काका सध्या चार विरुद्ध तीन असे पुढे आहेत. सर्वांत मोठ्याने ओरडणाऱ्या वाहिनीच्या उलट बोलायचे, ही त्यांची एकमेव पद्धत आहे, आणि २०२५ मध्ये बिहारने तिलाही पाणी पाजले. त्या सकाळी जिलेबी त्यांनी आणली, पण पोहे माझ्याकडून वसूल केले. बिहारची पैज मजल्याच्या मूळ करारात बसत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे.